कृषी पदवीचे सातवे सत्र आमच्या गावात : ‘रावे’ उपक्रमाविषयी एका यजमान शेतकऱ्याचा अभिप्राय

कृषी पदवीच्या चौथ्या वर्षातील मुलामुलींना वर्गातून उठवून एका सत्रासाठी गावात पाठवणाऱ्या ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ या उपक्रमाला महाविद्यालयांत आणि गावांतही सगळे ‘रावे’ म्हणूनच ओळखतात. त्याविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येते ते बहुतेक महाविद्यालयांनीच पाठवलेल्या बातम्यांच्या रूपात येते. कृषिकन्यांनी, म्हणजे या उपक्रमातल्या विद्यार्थिनींनी, बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवले, कृषिदूतांनी, म्हणजे विद्यार्थ्यांनी, वृक्षारोपण केले, प्राचार्यांचे आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांचे मार्गदर्शन लाभले, एवढाच त्यांचा मजकूर असतो. ज्याच्या वावरात आणि ओसरीवर हे सत्र घडते त्या शेतकऱ्याचे म्हणणे त्यात सापडत नाही. बुलडाणा जिल्ह्यात कापूस, सोयाबीन आणि तूर घेणारा आणि बरीच वर्षे या विद्यार्थ्यांचा यजमान राहिलेला शेतकरी म्हणून मी ते येथे लिहीत आहे. आमच्या गावी वेगवेगळ्या महाविद्यालयांच्या तुकड्या येऊन गेल्या आहेत. त्यांची नावे मी घेणार नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते उपक्रमाविषयी आहे.

माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. पदवीच्या अभ्यासाला समाजाची सेवा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव जोडण्याचे जे प्रयत्न आज सगळीकडे चालू आहेत, त्यांत रावेइतकी भक्कम मांडणी मी दुसऱ्या कोणत्याही अभ्यासक्रमाची पाहिलेली नाही. तरीही तिचा लाभ गावाला होतो की फक्त अहवालाला, हे दोन गोष्टींवर ठरते : विद्यार्थी हंगामाच्या कोणत्या आठवड्यात गावात पोहोचतात, आणि त्यांच्या कामाची पारख कोण करते. आज या दोन्ही बाबतींत उणिवा आहेत, म्हणून पाचपैकी साडेतीन गुण देतो. उरलेले दीड गुण मिळवणे अवघड नाही, असेही माझे ठाम मत आहे.

उपक्रमाची रचना थोडक्यात सांगतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने नेमलेल्या रंधावा समितीने १९९२ मध्ये त्याची शिफारस केली आणि २०१५ पासून तो कृषी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव देणाऱ्या ‘स्टुडंट रेडी’ या व्यापक योजनेचा भाग आहे. याच परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात त्याला एक संपूर्ण सत्र, म्हणजे २० आठवडे आणि २० श्रेयांक (क्रेडिट) दिलेले आहेत. पहिला आठवडा महाविद्यालयातील पूर्वतयारीचा, पुढचे ८ आठवडे गावातले, त्यानंतर ५ आठवडे संशोधन केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात, २ आठवडे पिकांवरील रोग-किडी ओळखणाऱ्या रोपचिकित्सालयात, ३ आठवडे शेतीशी निगडित उद्योगात आणि अखेरचा आठवडा अहवाल व सादरीकरणाचा. गावातल्या आठवड्यांत प्रत्येक विद्यार्थ्याला एक यजमान शेतकरी नेमून दिला जातो. विद्यार्थ्याने त्याच्या शेतावर त्याच्याबरोबर काम करावे, त्याच्या जमा-खर्चासह शेतीची नोंद ठेवावी आणि गावात आवश्यक ती प्रात्यक्षिके करून दाखवावीत, अशी अपेक्षा असते.

या रचनेचे मोल कळण्यासाठी शेजारी दुसरे काय आहे ते पाहावे लागते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर राज्यातील कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांतही क्षेत्र प्रकल्प, समाजसहभाग आणि ‘ओजेटी’, म्हणजे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण, यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात अशा कामाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास धरलेले आहेत. म्हणजे २ श्रेयांकांचा प्रकल्प ६० तासांत संपतो आणि हे तास इतर विषयांच्या तासिका सांभाळून, सुट्टीच्या दिवशी तुकड्यातुकड्यांनी भरावे लागतात. माझ्या पुतणीने वाणिज्य शाखेत असा प्रकल्प महिला बचत गटांच्या हिशोबांवर केला. तिने तो मन लावून केला, परंतु गटातल्या बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलू लागल्या तोवर तिचे तास भरून गेले होते. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे विशेष शिबिरही सात दिवसांचे असते; त्यात श्रमदान होते, ओळखी होतात, पण एखाद्या पिकाचे काय झाले हे पाहायला कोणी थांबू शकत नाही. रावेच्या विद्यार्थ्यापुढे त्या काळात दुसरा कोणताही विषय नसतो. गाव हाच त्याचा वर्ग आणि शेत हीच त्याची परीक्षा असते, आणि सलग मिळणारे आठ आठवडे हे या उपक्रमाचे सर्वांत मोठे सामर्थ्य आहे.

त्या आठ आठवड्यांत काय होऊ शकते, हे मी एका हंगामात जवळून पाहिले. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यात केलेले नुकसान आमच्या भागातला कोणीही विसरलेला नाही. या किडीचे वैशिष्ट्य असे की अळी बोंडात शिरली की बाहेरून काही दिसत नाही आणि फवारणीचाही फारसा उपयोग होत नाही. त्यामुळे पतंग कधी वाढू लागले हे वेळेवर कळणे यावरच सगळे अवलंबून असते. त्यासाठी पेरणीनंतर दीड महिन्याने हेक्टरी ५ कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून घेणारे सापळे, लावायचे आणि त्यात अडकलेले पतंग रोज मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा त्याहून अधिक पतंग आले, तर फवारणीची वेळ झाली असे समजायचे. याच काळात डोमकळ्या, म्हणजे अळी लागल्यामुळे न उमलता गुलाबाच्या कळीसारखी मिटून राहिलेली फुले, वेचून नष्ट करायची. पुढे बोंडे धरली की शेतातून २० हिरवी बोंडे तोडून फोडून पाहायची. त्यांतल्या दोन बोंडांत अळी आढळली तर प्रादुर्भाव दहा टक्क्यांवर गेला असे धरायचे. हे सारे आम्हाला ठाऊक होते. कृषी सहायकाने सांगितले होते, भित्तिपत्रकावर वाचले होते. तरी रोज संध्याकाळी सापळा उघडून मोजणी लिहून ठेवणे आमच्यापैकी कोणाकडूनही होत नव्हते, कारण निंदण-डवरण, मजुरांची जुळवाजुळव आणि घरची गुरे यांतून ते काम रोज मागे पडायचे.

त्या वर्षी आलेल्या मुलींनी हे काम उचलले. गावाच्या चारही दिशांच्या निवडक शेतांत त्यांनी सापळे लावले आणि रोजची मोजणी मारुतीच्या पारावर एका फळ्यावर खडूने लिहायला सुरुवात केली. पहिले काही दिवस लोकांनी त्याकडे फारसे पाहिले नाही. पुढे मात्र संध्याकाळी पारावर बसणारी मंडळी आपापल्या शिवारातला आकडा विचारू लागली. शेजारच्या एका शेतकऱ्याने कृषी सेवा केंद्रातून औषध आणून ठेवले होते आणि तो दुसऱ्या दिवशी फवारणार होता. त्या मुलींपैकी एकीने त्याला सांगितले, “काका, तुमच्या बाजूच्या सापळ्यात दोन-तीनच्या वर पतंग आलेच नाहीत. डोमकळ्या वेचून घेऊ, आणि चार दिवस थांबून पाहू.” त्याने कुरकुरत का होईना, ऐकले. त्या आठवड्यातली फवारणी वाचली. पश्चिमेकडच्या शिवारात मात्र आकडा तीन दिवस चढता राहिला आणि तिथे त्यांनी स्वतःच घरोघर जाऊन सांगितले की आता थांबू नका. एकाच गावात एका बाजूला थांबायला आणि दुसऱ्या बाजूला फवारायला सांगता येणे, आणि दोन्ही ठिकाणी तसे का हे आकड्यांनिशी दाखवता येणे, ही सेवा आम्हाला कोणत्याही सरकारी मेळाव्यातून मिळाली नव्हती. त्या मुलींनाही पुस्तकातली ‘आर्थिक नुकसानीची पातळी’, म्हणजे किडीचे प्रमाण कितीवर गेले की फवारणीचा खर्च करावा ती मर्यादा, प्रत्यक्षात काय असते हे तिथेच समजले; तीन दिवसांचा चढता आकडा समोर ठेवून एका कर्जबाजारी माणसाला खर्च करायला सांगणे ही किती जबाबदारीची गोष्ट आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

फवारणीवरून आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. तेव्हापासून सुरक्षित फवारणीचे प्रात्यक्षिक आमच्याकडे बहुतेक प्रत्येक तुकडी करते. चष्मा, मुखपट्टी, हातमोजे घातलेला एक विद्यार्थी सगळ्यांसमोर उभा राहतो आणि दुसरा माहिती सांगतो. माझ्या अनुभवात याचा परिणाम अगदीच थोडा होतो, कारण प्रात्यक्षिकाला शेतमालक जमतात आणि पाठीवर पंप घेऊन फवारणारा शेतमजूर त्या वेळी कोणाच्या तरी वावरात रोजाने गेलेला असतो. एका तुकडीने मात्र हे ओळखून सकाळी मजूर कामावर निघतात त्या वेळी, चहाच्या टपरीजवळ, त्यांच्याशीच बोलणे सुरू केले. वारा येतो त्या बाजूला पाठ ठेवायची, उपाशीपोटी फवारायचे नाही, दोन औषधे मनाने मिसळायची नाहीत आणि डब्यावरचे लेबल दवाखान्यात जाताना बरोबर न्यायचे, इतक्याच चार गोष्टी त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितल्या. त्याचे छायाचित्र कोणत्याही वर्तमानपत्रात आले नाही. माझ्या मते त्या सत्रातले ते सर्वांत मोलाचे काम होते.

आता उणिवांकडे येतो. पहिली उणीव वेळेची. सातवे सत्र सुरू होण्याची तारीख विद्यापीठाच्या दिनदर्शिकेने ठरते आणि आमची पेरणी पावसाने ठरते. आमच्याकडे साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाला की सोयाबीन पेरतात आणि बरा पाऊस असेल तर जून अखेरपर्यंत बहुतेक पेरण्या उरकतात. विद्यार्थी अनेकदा जुलैमध्ये, कधी तर त्याच्याही मध्यावर गावात येतात. मग घरच्या सोयाबीनची उगवणशक्ती तपासण्याचे प्रात्यक्षिक होते. ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे ठेवायचे आणि सत्तर किंवा अधिक उगवले तर शिफारशीइतकेच बियाणे वापरायचे, ही आमच्यासारख्या घरचे बियाणे राखणाऱ्यांसाठी सोन्यासारखी उपयोगी पद्धत. पण ती दाखवली जाते तेव्हा शेतात सोयाबीन तीन पानांवर आलेले असते. रायझोबियम या उपयुक्त जिवाणूंची बीजप्रक्रियाही अशीच, पेरणी झाल्यानंतर, पत्र्याच्या घमेल्यात मूठभर उरलेल्या बियाण्यावर केली जाते. माती परीक्षणासाठी व्ही आकाराचा खड्डा घेऊन नमुना कसा काढावा, चार भाग करून समोरासमोरचे दोन भाग कसे टाकत जावे आणि शेवटी अर्धा किलो माती कशी उरवावी, हे विद्यार्थी नेटकेपणाने दाखवतात. परंतु उभ्या पिकात, नुकतेच खत दिलेल्या जमिनीतून काढलेल्या नमुन्यावर विसंबून पुढच्या वर्षीचे खत कसे ठरवायचे? एका वर्षी तर आमच्याकडून नेलेल्या नमुन्यांचे अहवाल गावात परत आलेच नाहीत. विद्यार्थ्यांच्या वहीत त्यांची नोंद होती, त्यावर गुणही मिळाले असतील, पण ज्याची माती होती त्याला काही कळले नाही.

यात विद्यार्थ्यांचा दोष मी मानत नाही. प्रात्यक्षिकांची यादी त्यांच्या हातात आधीच दिलेली असते आणि प्रत्येकाचे छायाचित्र अहवालात लावावे लागते. पाठीमागे फलक, पुढे सरपंच, एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला गणवेशातले विद्यार्थी अशी छायाचित्रे काढण्यात जाणारा वेळ पाहिला की वाईट वाटते. ज्या तुकड्यांच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी यादी बाजूला ठेवून “गावाला या महिन्यात कशाची गरज आहे ते विचारा आणि तेवढेच करा” असे सांगितले, त्यांचे काम लक्षात राहिले. जुलै-ऑगस्टात करण्याजोगे काम मुळीच कमी नसते : सोयाबीनवरील चक्रीभुंगा आणि खोडमाशी या किडी, फवारणीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क, जनावरांचे लसीकरण, मोबाइलवरच्या ई-पीक पाहणीत पिकाची नोंद. शेवटचे काम तर आमच्या गावातल्या वयस्कर शेतकऱ्यांसाठी विद्यार्थ्यांनीच पार पाडले, आणि पीक विम्याच्या वेळी ती नोंद अनेकांना उपयोगी पडली.

गावाचा नकाशा काढण्याचे प्रात्यक्षिकही याच प्रकारचे आहे. लोकांच्या सहभागातून गावाची पाहणी करण्याची ही पद्धत मुळात अशी आहे की नकाशा गावकऱ्यांनी काढायचा आणि बाहेरून आलेल्याने ऐकायचे. प्रत्यक्षात विद्यार्थी ग्रामपंचायतीतून आराखडा घेतात, देवळापुढे रांगोळीने सुबक नकाशा काढतात आणि गावकरी पाहतात. एकदा एका मुलीने रांगोळीची वाटी आमच्या वस्तीवरच्या बायकांच्या हातात दिली. त्यांनी ग्रामपंचायतीच्या कागदावर ‘सार्वजनिक विहीर’ म्हणून दाखवलेली जागा पुसली, कारण ती विहीर संक्रांतीनंतर आटते, आणि ज्या खासगी विहिरीवरून त्या उन्हाळाभर पाणी आणतात ती दाखवली. त्या एका खुणेवरून पुढच्या ग्रामसभेत टँकरच्या मागणीविषयी नीट चर्चा झाली.

गावाबाहेरच्या आठवड्यांविषयी मला थोडेच सांगता येईल. संशोधन केंद्रातले आणि रोपचिकित्सालयातले काम विद्यार्थ्यांना आवडते असे त्यांच्या बोलण्यातून कळते. उद्योगातले तीन आठवडे मात्र अपुरे वाटतात. सत्र वेळेवर सुरू झाले तर ते कापसाच्या वेचणीच्या सुमारास येतात, आणि जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, गाडी लागल्यावर ओलाव्यावरून भाव कसा ठरतो हे विद्यार्थ्यांना तिथे पाहता येते. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा प्रमाण मानतात आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाहीत. आमच्याकडे राहून गेलेला एक कृषिदूत तिथून मुद्दाम फोन करून म्हणाला, “काका, सकाळचा दवातला कापूस वेचून लगेच गाडीत भरू नका, दोन दिवस उन्हात पसरा.” हे आम्हाला माहीत नव्हते असे नाही, पण वजनकाट्याच्या पलीकडून कोणीतरी आपल्या बाजूने बोलले, याचे महत्त्व वेगळे आहे. गाव आणि उद्योग या दोन्ही ठिकाणी एकच विद्यार्थी जातो, हा या अभ्यासक्रमाचा कमी बोलला जाणारा गुण आहे, आणि उद्योगाची निवड यजमान गावाच्या पिकाशी जुळवून केली तर तो अधिक फळेल.

दुसरी मोठी उणीव पारखेची. सत्राच्या शेवटी महाविद्यालय आमच्याकडून काय घेते? विद्यार्थी गावात हजर होता असा दाखला, सरपंचांची सही आणि शिक्का. त्याने काय काम केले, कोणाला उपयोग झाला, कोणता सल्ला चुकला, हे माझ्याकडे राहिलेल्या एकाही विद्यार्थ्याच्या बाबतीत मला कोणी विचारलेले नाही. गुण दैनंदिनी, अहवाल आणि तोंडी परीक्षेवर मिळतात. त्यामुळे पतंग मोजणारी मुलगी आणि आठवड्यातून तीनदा गावात येऊन छायाचित्रे काढून जाणारा मुलगा यांच्या अहवालांत फारसा फरक दिसत नाही, उलट दुसऱ्याचा अहवाल अधिक देखणा असू शकतो. आम्हाला प्राध्यापकांची जागा नको आहे. परंतु गावातल्या आठवड्यांच्या गुणांतला काही वाटा यजमान शेतकऱ्याच्या आणि ग्रामपंचायतीच्या लेखी अभिप्रायावर ठेवला, तर विद्यार्थी गावात राहतील आणि राहिले तर शिकतील, याची मला खात्री आहे.

राहण्याचा प्रश्न मुलींच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. आमच्या गावी आलेल्या मुलींना भाड्याने खोली मिळाली, परंतु स्वच्छतागृहाची सोय गावकऱ्यांना ऐनवेळी करावी लागली आणि भाडे व जेवणाचा खर्च त्यांच्या घरून आला. ज्यांच्या आई-वडिलांना तो परवडला नाही त्या तालुक्याच्या ठिकाणाहून एसटीने ये-जा करत राहिल्या आणि त्यांचे अर्धे काम प्रवासात गेले. ज्या महाविद्यालयाला गावात विद्यार्थी पाठवायचे आहेत त्याने खोली, पाणी, स्वच्छतागृह आणि जवळचा दवाखाना पाहून मगच गाव निवडावे. गावानेही ते आपले काम समजावे, कारण परगावच्या मुली आपल्या भरवशावर येत असतात.

यंदा ज्या गावांना विद्यार्थी मिळणार आहेत त्यांनी महाविद्यालयाच्या पत्राला होकार देण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात, असे मी सुचवतो. पूर्वतयारीच्या आठवड्यातले एक-दोन दिवस तरी पेरणीआधी गावात घालवावेत, म्हणजे उगवणशक्तीची तपासणी आणि बीजप्रक्रिया वेळेत होईल. सत्र लवकर सुरू करता येत नसेल तर त्याच महाविद्यालयाच्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी उन्हाळी सुट्टीत येऊन हे काम करावे. मातीचे नमुने मे महिन्यात काढावेत आणि अहवाल शेतकऱ्याच्या हातात पडल्याशिवाय ते प्रात्यक्षिक पूर्ण झाले असे धरू नये. प्रत्येक तुकडीने आपल्या नोंदींची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. आमच्याकडे सापळ्यांची मोजणी करणाऱ्या मुलींची वही त्यांच्याबरोबर महाविद्यालयात गेली आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागली. ती वही गावात असती तर कोणत्या शिवारात पतंग आधी वाढतात हे त्यांना आल्याबरोबर समजले असते. आता आमच्या ग्रामपंचायतीने त्यासाठी एक नोंदवही घातली आहे. तीत शिवाराचे नाव, पेरणीची तारीख, सापळ्यातली रोजची मोजणी, फवारणी केली असल्यास औषधाचे नाव आणि शेवटी त्या शेतातले एकरी उत्पादन असे रकाने आहेत, आणि सप्टेंबरनंतर विद्यार्थी निघून गेले की उरलेले रकाने भरण्याचे काम गावातल्या बारावीच्या दोन मुलांनी अंगावर घेतले आहे.